यवतमाळच्या कापसाची मुंबई : अपरिचित स्थळांच्या पदभ्रमणातून इतिहासवाचन

प्रस्तावना

मुंबई हे विदर्भातील महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींचे नेहमीचे ठिकाण आहे. सहलीचा कार्यक्रमही बहुधा ठरलेला असतो. गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, नेहरू विज्ञान केंद्र, चौपाटी आणि वेळ उरल्यास घारापुरीची लेणी. यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थी हे सारे पाहून परततो तेव्हा मुंबई हे आपल्या जिल्ह्यापासून सर्वस्वी वेगळे आणि आपल्याशी संबंध नसलेले महानगर आहे, अशीच त्याची समजूत झालेली असते. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे जे रूप घडले, त्यामागे कापसाच्या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्या कापसाचा एक महत्त्वाचा पुरवठादार प्रदेश वऱ्हाड होता. यवतमाळ जिल्हा हा त्या वऱ्हाडाचा आग्नेय भाग.

हा संबंध ग्रंथांतून अभ्यासता येतो, तसाच तो पायी फिरूनही तपासता येतो. मार्गदर्शक किंवा ठरावीक सहल न घेता, हाती नकाशा आणि मनात निश्चित प्रश्न ठेवून केलेले पदभ्रमण ही नगरेतिहासाच्या अभ्यासाची स्वस्त आणि उपयुक्त पद्धत आहे. यवतमाळचा कापूस ज्या संस्थांच्या व जागांच्या हातून गेला, त्यांपैकी मुंबईतील काही अपरिचित किंवा पाहूनही न पाहिलेल्या स्थळांचा एक मार्ग येथे मांडला आहे. त्या मार्गावर प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावयाचा आहे : या जागेने कोणाचे नाव जतन केले आणि कोणाचे केले नाही?

मुंबईपूर्वीचा टप्पा : शेत ते मूर्तिजापूर

पदभ्रमणाची सुरुवात यवतमाळातच व्हावयास हवी. ऐन-इ-अकबरीत या परगण्याचा उल्लेख योत-लोहारा असा येतो. त्यातील लोहारा हे गाव आजही यवतमाळला लागून आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. तहाचे निमित्त निजामाच्या कंटिंजंट फौजेचे थकलेले देणे हे होते. परंतु वऱ्हाडची काळी जमीन आणि तीत पिकणारा कापूस यांचे मोल इंग्रज राज्यकर्त्यांना ठाऊक होते. पुढे १८६४ मध्ये या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला, तो काही काळ वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ च्या पुनर्रचनेत त्यास यवतमाळ जिल्हा हे नाव मिळाले.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलतांड्यांवरून आणि गाड्यांतून शेकडो मैलांचा प्रवास करीत असे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ मध्ये भुसावळ, बडनेरामार्गे नागपुरास पोहोचला आणि हे चित्र पालटले. यवतमाळ मात्र या मार्गापासून दूर राहिले. सडकेने सुमारे २९ मैलांवरचे धामणगाव हे त्याचे जवळचे स्थानक होते. १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची स्थापना झाली आणि तिच्या यवतमाळ–मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या अरुंद मार्गाने यवतमाळ मुख्य मार्गाशी जोडले गेले. लोक या गाडीस पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागले. दोन्ही रुळांतील अंतर येथे अवघे ७६२ मिलिमीटर, तर मुख्य मार्ग रुंद. त्यामुळे पुढे जाणारी गाठ मूर्तिजापुरास उतरवून पुन्हा चढवावी लागे. या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलेले वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टर येथे तयार झाले होते. कापसाचे जगातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या शहरातच कापूस वाहणारे इंजिनही तयार व्हावे, ही गोष्ट त्या काळच्या अर्थव्यवस्थेविषयी पुरेसे सांगते.

शेतातून निघालेल्या मालाचे स्वरूप वाटेत बदलत जाई. जिनात सरकी वेगळी होऊन कापसाची रुई होई आणि प्रेसमध्ये रुईची गाठ बांधली जाई. त्याबरोबर नावही बदले. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस ‘उमरा’ या व्यापारी नावाने ओळखला जाई. हे नाव अमरावतीच्या इंग्रजी उच्चारावरून आलेले. त्यामुळे वणी, दारव्हा किंवा पुसद यांपैकी कोठलाही माल मुंबईत पोहोचेपर्यंत आपल्या गावाचे नाव गमावून बसे.

पदभ्रमणाचा मार्ग

सुचविलेला मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होतो आणि फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, काळबादेवी असा फिरून हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन येथे संपतो. चालण्याचे अंतर साधारण पाच ते सहा किलोमीटर असून शेवटचा टप्पा लोकल गाडीचा आहे. रविवारी फोर्ट भागात वर्दळ कमी असते व इमारतींचे दर्शनी भाग नीट पाहता येतात. मात्र त्या दिवशी काळबादेवीची बाजारपेठ बहुतांश बंद असते. बहुतेक इमारतींत कार्यालये असल्याने त्या बाहेरूनच पाहाव्या लागतात.

१. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस : वऱ्हाडातून येणाऱ्या प्रवाशाचे हे उतरण्याचे स्थानक. १८७८ ते १८८८ या काळात फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही इमारत २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. तिच्या मुख्य घुमटावर प्रगतीची प्रतीकात्मक मूर्ती आहे. तिखेरीज शेती, व्यापार व अभियांत्रिकी यांच्याही प्रतीकमूर्ती दर्शनी त्रिकोणी भिंतींवर आहेत. फलाटाकडे धावणाऱ्याचे लक्ष त्यांकडे क्वचितच जाते. दर्शनी भागावर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे व अधिकाऱ्यांचे मुखवटे कोरलेले आहेत आणि ते विशिष्ट व्यक्तींचे आहेत. शेतीला येथे जागा मिळाली आहे ती चेहरा नसलेल्या कल्पनेच्या रूपात.

२. किलिक हाउस : फोर्टमधील होम स्ट्रीट, म्हणजे आजचा चरणजित राय मार्ग, हा पर्यटकांच्या वाटेवरचा रस्ता नव्हे. येथील किलिक हाउस या इमारतीशी यवतमाळचा थेट संबंध आहे. १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली किलिक, निक्सन आणि कंपनी ही सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची व्यवस्थापकीय संस्था होती. देशातील बहुतेक रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी शकुंतलेचा मार्ग खाजगी मालकीतच राहिला आणि गाड्या मात्र मध्य रेल्वे चालवीत असे. यवतमाळच्या प्रवाशाने तिकीट यवतमाळात काढावे आणि मार्गाचे धनीपण फोर्टातील एका पेढीकडे असावे, ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके टिकली.

३. महात्मा गांधी मार्ग : फ्लोरा फाउंटनच्या परिसरात १९३० च्या दशकात बांधलेली न्यू इंडिया अॅश्युरन्स कंपनीची इमारत आहे. तिच्या दर्शनी भागावर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडविलेल्या शेतकरी व कारागिरांच्या भव्य आकृती आहेत. टर्मिनसवरील प्रतीकात्मक शेतीपेक्षा हे शेतकरी अधिक ओळखीचे वाटतात, कारण त्यांचा पेहराव व अंगकाठी भारतीय आहे. दोन इमारतींमधील सुमारे पन्नास वर्षांच्या अंतरात राष्ट्रीय चळवळ झाली होती आणि शेतकरी हा राष्ट्राचे प्रतीक बनला होता. तरीही तो येथेही अनामिकच आहे.

येथून जवळच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसतो. १८६९ ते १८७८ या काळात उभारलेल्या या मनोऱ्यासाठी कापसाचे व्यापारी व दलाल प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि त्यास त्यांच्या आईचे नाव देण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. भारतीय कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सात कोटी पौंडांहून अधिक जादा पैसा आला, असे अंदाज आहेत. त्यातून बँका, भूभराव कंपन्या आणि सट्टा यांची लाट उसळली. युद्ध संपताच १८६५ मध्ये ती ओसरली आणि प्रेमचंद रायचंदांसह अनेकांचे दिवाळे निघाले. मनोऱ्याचे सौंदर्य सारेच पाहतात. त्याच्या पायाशी असलेला हा हिशेब सहसा कोणी सांगत नाही.

४. हॉर्निमन सर्कल : आजचे हे गोल उद्यान म्हणजे जुन्या बॉम्बे ग्रीनचा अवशेष. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट थॉमस कॅथेड्रल आणि टाउन हॉल यांमधील या मोकळ्या मैदानावर कापसाच्या गाठी रचून ठेवल्या जात, म्हणून त्यास कॉटन ग्रीन असेही म्हणत. आग, धूळ व गर्दी यांचा त्रास होऊ लागल्याने १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला. रिकाम्या झालेल्या जागेवर १८६० च्या दशकात एल्फिन्स्टन सर्कलची आखणी झाली व १८७२ पर्यंत तिचे काम पूर्ण झाले. स्वातंत्र्यानंतर या जागेस ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. टाउन हॉलसमोरच्या वडाच्या सावलीत जमणाऱ्या दलालांच्या बैठकीतून पुढे, १८७५ मध्ये, मुंबईच्या शेअर बाजाराची संघटना उभी राहिली. उद्यानात आज बसणाऱ्यास येथे कधी कापूस होता याची खूण सापडत नाही.

५. बॅलार्ड इस्टेट : १९०८ ते १९१४ या काळात मुंबई बंदर विश्वस्त संस्थेने अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातील भरावावर हा भाग वसविला. जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीमुळे येथील इमारतींना एकसारखेपणा आला. येथील ग्रॅहम रोडवर, म्हणजे आजच्या जे. एन. हेरेडिया मार्गावर, फोल्कार्ट ब्रदर्स या स्विस पेढीची इमारत होती. १८५१ मध्ये विंटरथूर व मुंबई येथे एकाच वेळी स्थापन झालेल्या या पेढीची खरेदी थेट वऱ्हाडात चाले. खामगावसारख्या बाजारपेठेत तिचा स्वतःचा प्रेस होता. १८७० मध्ये समुद्राखालून तारयंत्राचा मार्ग सुरू झाल्यावर लिव्हरपूलचा भाव मुंबईस आणि तेथून वऱ्हाडच्या बाजारास त्वरेने कळू लागला. भाव कळणारा खरेदीदार आणि भाव न कळणारा विक्रेता यांमधील दरी त्यामुळे वाढली. कापसाच्या जातीवरही बाजाराचा परिणाम झाला. लांब धाग्याचा बणी कापूस मागे पडून अधिक रुई देणारा, आखूड धाग्याचा जरी कापूस वऱ्हाडभर पसरला. मँचेस्टरची तक्रार असे की शेतकरी मालाची प्रत बिघडवितो. शेतकऱ्याचे गणित साधे होते : चांगल्या प्रतीचा वेगळा भाव त्याच्या हाती पडत नव्हता, तेव्हा त्याने अधिक रुई देणारे वाण निवडले.

६. काळबादेवी : येथे विलायती पेढ्यांची मुंबई संपते आणि गुजराती, मारवाडी, भाटिया व्यापाऱ्यांची मुंबई सुरू होते. मुळजी जेठा मार्केट, मारवाडी बाजार आणि कॉटन एक्स्चेंजची इमारत हे सारे परस्परांपासून जवळ आहे. मुंबईत कापसाच्या वायद्याचा संघटित व्यापार १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनच्या स्थापनेने सुरू झाला. गिरणीमालक व बडे व्यापारी यांच्यातील नाराजीतून १८९३ मध्ये बॉम्बे कॉटन एक्स्चेंज निघाले आणि पुढे १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. शेतात पीक उभे असतानाच त्याची खरेदी-विक्री येथे अनेकदा होऊन जाई. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांच्या आकड्यांवर जुगार खेळला जाऊ लागला आणि त्यातूनच १९६० च्या दशकात मटका जन्मास आला. यवतमाळच्या गल्लीबोळांत पोहोचलेल्या मटक्याचे मूळ कापसाच्या भावात असावे, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

येथे वऱ्हाडातील एका घटनेची आठवण ठेवावी. कापसाच्या खरेदीत वजनमापाच्या व कटतीच्या तक्रारी वाढल्याने १८८६ मध्ये यवतमाळच्या शेजारील कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा झाला. महानगरात वायद्याचे नियम घडत असताना उत्पादकाच्या संरक्षणाचा पहिला प्रयत्न वऱ्हाडच्या तालुक्याच्या गावी झाला, हे कृषिपणनाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे.

७. कॉटन ग्रीन : काळबादेवीहून पूर्वेस चालत मशीद स्थानकावर यावे आणि हार्बर मार्गाची गाडी धरावी. डॉकयार्ड रोड व रे रोडनंतर कॉटन ग्रीन हे स्थानक येते. १९२० च्या दशकात कुलाब्याचा कापूस बाजार शिवडी–माझगाव येथील भरावाच्या जमिनीवर आला. बंदर विश्वस्त संस्थेची विस्तीर्ण गोदामे व कॉटन एक्स्चेंजची नवी इमारत येथे उभी राहिली. जुन्या मैदानाचे नावही नव्या जागेस मिळाले. याच हार्बर मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी धावली. येथील एक्स्चेंजच्या इमारतीत कापूस व्यापाऱ्यांच्या संस्थेचे कार्यालय असून तिचे नाव आता कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया असे आहे. रुईचे भाव अजूनही खंडीवर सांगितले जातात. ही मुंबई खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५५.६ किलोची. यवतमाळचा शेतकरी क्विंटलने कापूस विकतो आणि बाजार खंडीने रुई मोजतो. दोन्ही मापांमधील हिशेब जुळविणे आजही सर्वसामान्य उत्पादकास सोपे नाही.

निरीक्षणे

या मार्गावरून तीन निरीक्षणे मांडता येतात. पहिले, कापसाच्या बाजाराचे स्थान शहरात दोनदा बदलले आणि प्रत्येक वेळी सुटलेली जागा अधिक मौल्यवान झाली. पहिल्या जागी एल्फिन्स्टन सर्कल उभे राहिले. कुलाबा आज मुंबईतील महागड्या वस्त्यांपैकी एक आहे. दुसरे, लाभ घेणाऱ्यांची नावे मनोरे, रस्ते व पेढ्या यांना मिळाली, तर उत्पादक केवळ प्रतीकरूपाने राहिला. तिसरे, भाव ठरविण्याचे ठिकाण शेतापासून सतत दूर जात राहिले : यवतमाळ, मुंबई, लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क.

यातून सरळसोट निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. यवतमाळचा सगळाच कापूस मुंबईस जात नव्हता. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरास सुरू केलेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्या कापूसक्षेत्राजवळ राहण्यासाठीच निघाल्या होत्या. तसेच मुंबईच्या वैभवात चीनशी चाललेला अफूचा व्यापार, बंदर आणि कोकण-देशावरून आलेल्या गिरणी कामगारांचे श्रम यांचाही वाटा होता. तेजीच्या वर्षांत वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हातीही पैसा आला. परंतु तो टिकला नाही. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत, कापसाखाली गेलेल्या जमिनीच्या या प्रदेशात धान्य विकत घेण्यास लोकांजवळ पैसा नव्हता. लक्ष्मण सत्य यांच्या वऱ्हाडचा कापूस व दुष्काळ यांवरील १९९७ च्या ग्रंथात या संबंधाची सविस्तर मांडणी आहे. १९७२ पासून राबविलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना, १९८२ चा मुंबईतील गिरणी संप आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्याची शेतकरी आत्महत्यांसाठी झालेली दुःखद ओळख या घटना याच दीर्घ साखळीच्या संदर्भात वाचल्या पाहिजेत.

समारोप

अशा पदभ्रमणास खर्च थोडा येतो, पण पूर्वतयारी लागते. इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून आधी गॅझेटियरचे वाचन करून घ्यावे, घरातील वडीलधाऱ्यांकडून कापूस विक्रीच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात आणि मगच मुंबईस न्यावे. प्रत्येक स्थळी नाव कोणाचे आहे, तारीख कोणती आहे आणि काय वगळले आहे, एवढी नोंद विद्यार्थ्याने केली तरी स्थानिक इतिहासाचा एक चांगला प्रकल्प तयार होईल.

या मार्गाचे दुसरे टोकही विसरता कामा नये. २०१० नंतरच्या दशकात यवतमाळ–मूर्तिजापूर गाडी बंद पडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गावर वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. नव्या रेल्वेचे स्वागत होत असताना शकुंतलेचे स्थानक, तिचे रूळ आणि जुने जिन-प्रेस यांची नोंद व जपणूक करणे हे जिल्ह्यातील महाविद्यालयांचे काम आहे. मुंबईने शेतकऱ्याचे नाव लिहिले नाही, ही तक्रार योग्यच आहे. परंतु यवतमाळने तरी ते कोठे लिहिले आहे, हा प्रश्न मुंबईहून परतलेल्या विद्यार्थ्याने विचारला, तर त्याचे उत्तर देण्याची तयारी येथील अध्यापकांनी ठेवावयास हवी.